बटाट्याच्या पोटातले गंजाचे ठिपके: कॅल्शियमची बाटली घेण्याआधी काय काय तपासायचं

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचा प्रश्न हाच आहे का ते कळेल.

बटाटा वरून निर्मळ. साल गुळगुळीत, दाबला तर टणक, वास नाही. उभा चिरला की मधल्या गरात गंजाच्या रंगाचे ठिपके दिसतात. कधी मोहरीएवढे, कधी दोन-चार मिळून ज्वारीच्या दाण्याएवढे. ठिपका कोरडा असतो, सुरीच्या टोकाने उकरला तर खरखरतो, आणि बटाटा उकडला तरी तेवढा भाग कडकच राहून दाताखाली येतो. मोठ्या कंदांत जास्त, गोटीएवढ्यांत क्वचितच. शेतात उभं राहून काही कळत नाही, पाला शेवटपर्यंत हिरवागार असतो. एवढं जुळत असेल तर पुढे वाचा.

आमच्या घरी हे पहिल्यांदा सापडलं ते शेतात नाही, स्वयंपाकघरात. महाशिवरात्रीच्या आधी मामी उपवासाच्या वेफर्सचा घाट घालते. किसणीवरून चकत्या तुरटीच्या पाण्यात पडत होत्या. तिने एक उचलली, खिडकीसमोर धरली आणि म्हणाली, "अरे, याला तर गंज चढलाय. तुमच्या बोअरला लोखंडाचं पाणी आहे की काय?" पातळ चकतीतून उजेड येत होता आणि त्यात पाच-सहा तांबूस ठिपके स्पष्ट दिसत होते. मी हसण्यावारी नेलं. आठवड्याभराने वेफर्सच्या कारखान्याच्या फाटकावर अख्खी गाडी परत फिरली, तेव्हा हसू गेलं. त्याला आता 11 हंगाम झाले. इंदूरजवळ सांवेर रस्त्यावरच्या आमच्या 7 एकरांत आणि आजूबाजूच्या बऱ्याच शेतांत मी हेच दुखणं शोधत आणि निस्तरत आलोय. पहिली दोन वर्षं पानांवर मारायच्या कॅल्शियमच्या बाटल्यांत घालवली. पाला देखणा झाला, ठिपके होते तिथेच राहिले.

शेजारचा शेतकरी तेव्हा म्हणाला होता, "भिया, काली मिट्टी में चूने की क्या कमी!" आणि तो बरोबर होता. माळव्याच्या काळ्या जमिनीत कॅल्शियम भरपूर असतं, नांगरटीत चुनखडीचे खडे वर येतात. तरी कंद कॅल्शियमला उपाशी कसा राहतो आणि त्यातून हे ठिपके कसे पडतात, हे कळलं की पुढच्या तपासण्यांचा क्रम आपोआप समजतो.

कॅल्शियम झाडात फक्त पाण्याबरोबर चढतं. मुळं पाणी ओढतात, पानांतून त्याची वाफ होते, आणि पाणी जिथे जास्त उडतं तिथे कॅल्शियम जास्त पोचतं. म्हणजे पानांत. कंद मातीत गाडलेला, त्यातून वाफ जवळजवळ होतच नाही. त्याला साखर मिळते ती पानांकडून, दुसऱ्या नळीने, आणि त्या नळीतून कॅल्शियम जवळपास उतरत नाही. म्हणून सुकवलेल्या पानात कॅल्शियम एक टक्क्याच्या वर असतं आणि त्याच झाडाच्या सुकवलेल्या कंदात टक्क्याच्या काही शतांशच. पानात एकदा गेलेलं कॅल्शियम परत खाली येत नाही. पानावरची फवारणी कंदापर्यंत का पोचत नाही, त्याचं उत्तर एवढंच.

मग कंदाला मिळतं कुठून? भुईखोडावर, म्हणजे ज्या पांढऱ्या दोरीला बटाटा लटकतो तिच्यावर, आणि खुद्द कंदावर केसासारखी बारीक मुळं असतात. 1985 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात क्रात्झके आणि जीवन पालटा यांनी रंगीत पाणी वापरून दाखवलं की मुख्य मुळांना दिलेला रंग पाल्यात जातो आणि कंदाजवळच्या या मुळांना दिलेला रंग कंदात. तेव्हा कॅल्शियम हवं ते वरंब्याच्या पोटात, कंदाला लागून, आणि तिथे ओलही हवी. दोन्हीपैकी एक नसेल तर दुसऱ्याचा उपयोग नाही.

आता तो तपकिरी रंग. पेशींच्या भिंतीत पेक्टिन असतं, त्याला कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि आतला पातळ पडदाही सांभाळतं. कंद भराभर फुगतोय, ऊन चढलंय, आणि कॅल्शियम पुरत नाही, अशा वेळी पडदे झिरपू लागतात. पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी प्राणवायूची तिखट रूपं साचतात. त्यांना विझवायला बटाट्याजवळ स्वतःची फौज असते: क जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन, शिवाय कॅटलेज आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज ही विकरं, म्हणजे एन्झाइम. यांनाच आपण अँटिऑक्सिडंट म्हणतो. ताण थोडा असेल तर ती पुरतात. ताण लांबला की खर्च आवकीपेक्षा वाढतो आणि पेशींचा एक पुंजका मरतो. मेलेल्या पेशीत क्लोरोजेनिक आम्लासारखी फिनॉलं आणि त्यांना काळं करणारं विकर, इतका वेळ वेगवेगळ्या कप्प्यांत असलेले, एकत्र येतात. मामीच्या चकत्या पाण्याबाहेर राहिल्या तर काळवंडतात तीच ही क्रिया, फक्त जिवंत कंदाच्या आत झालेली. भोवतालच्या पेशी मग त्या जागेला बुचासारखी भिंत घालतात, म्हणून ठिपका उकडूनही कडक.

दुकानात आता "अँटिऑक्सिडंट" लिहिलेल्या फवारण्याही मिळतात. पानावर मारलेलं असलं औषध मातीतल्या कंदाच्या पोटात फौज उभी करील, यावर माझा विश्वास नाही. पैसे असतील तर ते पाण्याच्या पाइपात घाला.

आणि एक गोष्ट आधीच कबूल करून टाका: पडलेला ठिपका भरून येत नाही. खालच्या सगळ्या तपासण्या पुढचे कंद आणि पुढचा हंगाम वाचवायला आहेत.

पहिली तपासणी: सुरी आणि काचेचा ग्लास

शेतात पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून 25-30 कंद उकरा, लहान-मोठे मिसळून. देठाकडून डोळ्यांकडे असा उभा छेद घ्या. आडवा घेतला तर अर्धे ठिपके निसटतात. खर्च शून्य, आणि सगळ्यात जास्त चुका मी इथेच होताना पाहिल्यात, कारण तपकिरी दिसलं की लोक "कॅल्शियम" म्हणून मोकळे होतात.

मध्यभागी चांदणीसारखी पोकळी असेल तर तो पोकळ बटाटा. ताणानंतर एकदम भरपूर पाणी-खत मिळून कंद घाईने फुगला की असं होतं. तो याच कुळातला आहे, पुढच्या तपासण्या त्यालाही लागू. आतला गाभा काळा-करडा झाला असेल, तेही साठवणीनंतर, तर ते गुदमरणं आहे. कोंदट जागी, उष्णतेत, हवा न मिळता कंद राहिला. त्याचा शेताशी संबंध नाही, कोठीची हवा बघा. डाग सालीच्या लगेच खाली आणि निळसर-काळा असेल तर तो मार आहे, काढताना किंवा कट्टे आपटताना लागलेला. बोगदे आणि त्यात काळी भुकटी असेल तर पाकोळीची अळी. सालीपासून आत जाणारी तांबूस, रवाळ सड असेल तर करपा कंदापर्यंत उतरलाय.

आणि सालीपासून थोडं आत गोल फिरणारी जी कड असते ती तपकिरी झाली असेल, तर हात थांबवा. कापलेला अर्धा हलकेच दाबा. कडेतून दुधट चिकट थेंब येतात का? शंका असेल तर स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात त्या कडेचा तुकडा अलगद टांगा आणि पाच-दहा मिनिटं पाहा. दुधाच्या धाग्यांसारखं काही खाली उतरलं तर तो जिवाणूंचा मर रोग आहे, पोषणाचा प्रश्न नाही. पुढची एकही तपासणी करू नका. त्या शेताचं बेणं, म्हणजे पुढच्या लावणीचे बटाटे, ठेवू नका, कुणाला देऊ नका, तिथली अवजारं धुतल्याशिवाय दुसऱ्या शेतात नेऊ नका, उरलेलं पाणी शेजारच्या शेतात सोडू नका, आणि नमुना घेऊन तज्ज्ञाकडे जा. इंदूरच्या लोकांना कस्तूरबाग्रामचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे. बटाट्याचंच काम करणारं केंद्रीय संशोधन केंद्र ग्वाल्हेरला आहे.

दुसरी: कागदावर शेत काढा

कोणत्या सरीतले किती कंद ठिपकेवाले, ते कागदावर खुणा करून मांडा. आमच्याकडे पहिल्यांदा मांडलं तेव्हा जवळजवळ सगळे बोअरपासून लांबच्या तिसऱ्या हिश्श्यात निघाले. आजार असा रांगेत उभा राहत नाही, पाणी राहतं. ठिपके सगळीकडे सारखे पसरलेले असतील तर वाण, लावणीची तारीख किंवा खत यांवर संशय घ्या. जिथे रोपं तुटली आहेत त्या मोकळ्या जागांच्या शेजारी असतील तर अंतराचा दोष आहे. शेजार नसलेलं झाड दोन-चार अगडबंब बटाटे करतं आणि ठिपका अगडबंबांनाच आवडतो. आम्ही वेफर्सच्या मालाला 60 सेंटिमीटरच्या ओळीत 20 सेंटिमीटरवर लावतो आणि तुटाळ राहू देत नाही.

तिसरी: ओल

इथे जरा थांबतो, कारण माझ्या हिशेबाने दहापैकी सहा-सात शेतांचा प्रश्न इथेच सुटला.

खुरपं घ्या, वरंब्याच्या बगलेतून 15 सेंटिमीटर आत जा, कंदाला लागून असलेली माती काढा. सरीतली नाही. सरी ओली आणि वरंब्याचं पोट कोरडं, हे काळ्या जमिनीत नेहमीचं आहे, विशेषतः पाणी घाईने पळवलं की. मुठीत दाबून गोळा करा. काळी माती अर्धी सुकली तरी गोळा होतो, त्यामुळे नुसत्या गोळ्यावर जाऊ नका. छातीच्या उंचीवरून तो खाली टाका. दोन-तीन ढेकळांत फुटला तर वाफसा, म्हणजे बेताची ओल, आहे. भुगा झाला तर तुम्ही उशिरा आलात. चप्पट बसला तर पाणी जास्त आहे. वरंब्यावर बोट जाईल एवढी भेग पडली असेल तर गोळा करायचीही गरज नाही. त्या भेगेने कंदाची बारीक मुळं तोडलेली असतात आणि वरून ऊन आत घातलेलं असतं.

हे एवढं महत्त्वाचं का? बटाटा महिना-दीड महिना पोसतो, आणि रोज नव्या गराला रोजचं कॅल्शियम लागतं. चार दिवस वरंबा सुकला तर त्या चार दिवसांत वाढलेला गर कायमचा उपाशी राहतो. पाचव्या दिवशी भरपूर पाणी दिलं तर भरपाई होत नाही, उलट कंद एकदम फुगतो आणि वाटणी आणखी पातळ होते. म्हणून 12-14 दिवसांनी तुडुंब पाणी देण्यापेक्षा 7-8 दिवसांनी हलकं द्या. शेताची वीज रात्री येते, मोटर लावून माणूस झोपतो आणि पाणी सकाळपर्यंत वाहतं, हे मलाही माहीत आहे. त्यावर मी एवढंच केलं की शेताचे चार तुकडे पाडले आणि एका रात्री एकच तुकडा भिजवला. नंतर ठिबक आलं, तेव्हा हा त्रास बराच सरला.

जास्त पाणीही तेवढंच वाईट. कंदाच्या सालीवर पांढऱ्या, फुगलेल्या पुळ्या दिसल्या तर माती चिंब होती आणि कंदाला श्वास मिळत नव्हता. गुदमरलेली मुळं पाणी ओढत नाहीत, आणि मग कॅल्शियमही नाही.

चौथी: वरंब्याचं ऊन

मातीचा साधा थर्मामीटर फार महाग नाही. दुपारी तीनला वरंब्यात 10 सेंटिमीटर खोल खुपसा. कंद 15 ते 20 अंशांत सुखाने पोसतो. दुपारी 25 च्या वर जाऊ लागलं की मी सावध होतो. आमच्याकडे हे फेब्रुवारीत घडतं. सोयाबीन उशिरा निघालं, लावणी नोव्हेंबरच्या मध्यावर गेली, म्हणजे कंद भर उन्हात फुगणार. उपाय जुनेच आहेत: भर नीट लावा, म्हणजे झाडांच्या बुडाशी माती चढवा, वरंबा रुंद आणि उंच ठेवा, पाला लवकर मरू देऊ नका, कारण तीच सावली आहे, आणि शक्यतो ऑक्टोबरात लावा. वाणाचाही फरक पडतो. अटलांटिक हा वेफर्सचा वाण उन्हाच्या ठिपक्यांसाठी जगभर बदनाम आहे. तो करारावर लावायचाच असेल तर लवकर लावा आणि लवकर काढा.

पाचवी: खताचा हिशेब

वहीत लिहिलं नसेल तर रिकामी पोती मोजा. मुळाच्या दारात अमोनियम, पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम हे कॅल्शियमशी धक्काबुक्की करतात. भर लावल्यानंतर कुणी पाला पिवळा वाटला म्हणून आणखी युरिया टाकला असेल, तर पाला माजतो, पाणी आणि कॅल्शियम वर ओढतो आणि कंद घाईने वाढतो. पालाश बंद करा असं मी म्हणत नाही, बटाट्याला तो लागतोच आणि आपटल्यावर काळा डाग पडण्यापासून तोच वाचवतो. पण माळव्याच्या काळ्या जमिनीत तो बहुधा बरा असतो. अहवाल न पाहता दुप्पट टाकू नका.

सहावी: आता कॅल्शियम

ओल, ऊन आणि युरिया जागेवर आल्यावरच. मी भर लावताना एकरी 200 किलो जिप्सम वरंब्याच्या पोटात पडेल असं टाकतो, शेतभर फेकत नाही. शुद्ध जिप्सममध्ये 23 टक्के कॅल्शियम असतं, बाजारातल्यात त्याहून कमी. ते लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं, म्हणून हळूहळू सुटत राहतं, आणि आपल्याला तेच हवं. चुना मात्र टाकू नका. आपल्या मातीचा सामू (पीएच) आधीच साडेसातच्या वर असतो, चुन्याने तो आणखी चढेल आणि बटाट्याच्या सालीवर खवडा रोग वाढेल.

ठिबक असेल तर कंद सुपारीएवढा झाल्यापासून कॅल्शियम नायट्रेट, एकूण 25 किलो, पाच हप्त्यांत. त्यात 18.8 टक्के कॅल्शियम आणि 15.5 टक्के नत्र असतं. म्हणजे 25 किलोतून जवळपास 4 किलो नत्र जातं, तेवढ्यासाठी 8 किलो युरिया कमी करा. बहुतेक जण हे विसरतात.

टाकीत हे कॅल्शियम नायट्रेट फॉस्फेट किंवा सल्फेट असलेल्या कुठल्याही खताबरोबर कधीही मिसळू नका. आधी बरणीत दोन्ही विरघळवून पाहा. पाणी दुधाळ झालं आणि तळाशी पांढरं बसलं, तर तेच तुमच्या ठिबकच्या छिद्रांत बसणार आहे. मी एकदा ही बरणी वगळली होती. मग आठ दिवस दोन माणसं नळ्या बडवत होती.

सातवी: प्रयोगशाळा

माती आरोग्य पत्रिकेत 12 गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. कॅल्शियम त्यात नाही. ते, आणि त्याबरोबर मॅग्नेशियम आणि सोडियम, वेगळं मागावं लागतं. बोअरच्या पाण्याचा नमुनाही द्या. आणि जमलं तर ठिपकेवाल्या सरीतले आणि चांगल्या सरीतले कंद वेगवेगळ्या पिशव्यांत देऊन दोन्हींतलं कॅल्शियम मोजून घ्या. आकडा एकटा फारसं बोलत नाही, फरक बोलतो.

कुठे थांबायचं

ग्लासात दुधाचे धागे दिसले तर ताबडतोब, ते वर सांगितलंच. सामू साडेआठच्या वर किंवा सोडियम जास्त आलं तर जिप्समची मात्रा स्वतः ठरवू नका, हा जमीन सुधारण्याचा विषय आहे आणि माती तज्ज्ञाशिवाय त्यात पडू नका. पाने वळलेली आणि कंदाच्या देठाकडे जाळीसारख्या तपकिरी रेषा असतील तर विषाणूची शंका घ्या आणि बेणं बदला. पाणी, भर, खत, जिप्सम हे सगळं दोन हंगाम नीट करूनही चिरलेल्या 30 कंदांत पाच-सहा ठिपकेवाले निघत असतील, तर माझं ज्ञान तिथे संपतं. नमुने, अहवाल आणि खताची वही घेऊन संशोधन केंद्रात जा. वही नेली नाही तर तेही अंदाजच करतील.

घरी आलेल्या ठिपकेवाल्या बटाट्याचं काय, असं मामीने विचारलंच होतं. हा ठिपका संसर्ग नाही, एका बटाट्याचा दुसऱ्याला लागत नाही. तेवढा भाग काढून भाजी करा. वेफर्सला नको, तळल्यावर ठिपका काळा होतो. हिरवा झालेला, कडू बटाटा ही वेगळी गोष्ट, तो खाऊ नका.

बेण्याकडेही एकदा पाहा. शीतगृहातून बेणं आलं की मी ते लावणीआधी आठ-दहा दिवस सावलीत पसरून कोंब येऊ देतो. कोंबाच्या शेंड्याच्या किंचित खाली काळपट, बसलेली पट्टी असेल आणि तिथून बाजूला दोन-तीन फांद्या फुटल्या असतील, तर ते बेणंच कॅल्शियमला भुकेलं आहे. मागच्या वर्षीच्या कोरड्या वरंब्याची ती पावती. असे कट्टे मी बोअरच्या जवळच्या सऱ्यांत लावतो आणि त्यांना जिप्समची पहिली मूठ लावणीच्याच दिवशी देतो, भर लावेपर्यंत थांबत नाही.